शिकवलंत, आता सोपवा

सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडी निघाली की प्रवाशांची नजर तटबंदीवर खिळते, आणि ते साहजिकच आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या जलदुर्गाची मुहूर्तमेढ रोवली. साडेतीनशेहून अधिक वर्षं अरबी समुद्राच्या लाटा झेलत तो उभा आहे. त्याच्या भोवतालच्या खडपांवर, पाण्याखाली काही मीटरांवर, प्रवाळांच्या वसाहती आहेत. महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किलोमीटरच्या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ फार थोड्या जागी टिकून आहेत. मालवण ही त्यांतली सर्वांत परिचित जागा.

गेल्या दहा-बारा वर्षांत या वसाहतींच्या दुरुस्तीसाठी मालवणच्या मच्छीमार घरांतले तरुण पाण्याखाली उतरू लागले. तुटलेले तुकडे उचलायचे, पक्क्या आधारावर बसवायचे आणि महिनोन्‌महिने राखायचे, हे काम त्यांना शिकवलं गेलं. हा लेख त्यांच्याबद्दल आहे. निसर्ग राखायला ज्यांना सांगितलं जातं, पण त्याचा कारभार ज्यांच्या हाती दिला जात नाही, अशा सगळ्यांबद्दलही तो आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत, समुद्रापासून सरळ रेषेत शेकडो किलोमीटर दूर बसून हा विषय मांडावासा वाटला तो याच कारणानं.

यवतमाळचाही एक समुद्र

आपल्याकडे प्रवाळ पाहिलेला असतो तो सराफाच्या दुकानात, अंगठीतल्या लाल पोवळ्याच्या रूपात. ते दागिन्याचं पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं. मालवणचे प्रवाळ वेगळे. त्यांचा सांगाडा पांढऱ्या चुनखडीचा असतो आणि त्याला बाजारात रत्नाची किंमत नाही. त्यांची खरी किंमत ते जिवंत असताना आणि जागेवर असतानाच.

चुनखडी मात्र यवतमाळकरांना नवी नाही. वणी तालुक्यात राजूरच्या चुनाभट्ट्या प्रसिद्ध आहेत. त्या भागातला चुनखडक भूशास्त्रज्ञ ज्याला पैनगंगा समूह म्हणतात त्यातला. तो समुद्राच्या तळाशी साचला, तेव्हा पृथ्वीवर प्रवाळ जन्मालाही आले नव्हते. आर्णीखालचा काळा पत्थर त्यानंतर फार उशिरा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून आला. आपल्या जिल्ह्याच्या एका टोकाला असा जुना समुद्रतळ उघडा पडलेला आहे. आणि आजच्या समुद्राशी आपलं नातं वाहत्या पाण्याचं आहे: आर्णीची अरुणावती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला.

प्रवाळ जगतो कसा, मरतो कसा

प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरांचा. असे हजारो जीव मिळून एक वसाहत होते. प्रत्येक जीव आपल्या बुडाशी चुन्याचा सांगाडा रचतो. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. बदल्यात त्यांना निवारा मिळतो. प्रवाळाचा रंगही बव्हंशी या शैवालांमुळेच.

समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशानं जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी हा करार मोडतो. प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो, नाहीतर संपतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत भारताच्या समुद्रांत अशा लाटा येऊन गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये चौथी जागतिक विरंजन घटना जाहीर झाली. २०२३ च्या आरंभापासून २०२५ च्या मार्चपर्यंत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडवू शकेल इतकी उष्णता सोसावी लागली.

सागरतळाचा एक टक्काही भाग प्रवाळभिंतींनी व्यापलेला नाही, तरी समुद्रातल्या सुमारे चतुर्थांश प्रजाती आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर त्यांच्या आश्रयाला असतात. मालवणच्या मच्छीमाराला हे आकड्यांतून कळावं लागत नाही. गोब्रा, तांबोशी, शेवंड कुठे मिळतात, याचं उत्तर तो खडपाकडे बोट दाखवून देतो.

मालवणच्या प्रवाळांची आणखी एक बाजू ध्यानात घ्यावी लागते. लक्षद्वीप-अंदमानसारखं नितळ पाणी इथे नाही. कर्ली, गड या नद्या पावसाळ्यात गोडं पाणी आणि गाळ घेऊन येतात, समुद्र गढूळ होतो, खवळतो. अशा पाण्यात झाडासारख्या फांद्या फुटणारे नाजूक प्रवाळ फारसे टिकत नाहीत. इथे आढळतात ते पोराइट्स, फेव्हाइट्स, गोनियास्ट्रिया, टर्बिनारिया यांसारखे ठोकळ्यासारखे, थरासारखे किंवा पानासारखे पसरणारे. ते चिवट आहेत, पण फार हळू वाढतात. पोराइट्सची वसाहत वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. नांगराच्या एका फटक्यात जे तुटतं, ते भरून यायला माणसाची एक पिढी जाऊ शकते.

नकाशावरचं अभयारण्य

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातलं सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचं गाभाक्षेत्र सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरातलं. हेतू चांगला होता. पण ज्या पाण्यात गाबीत समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या होड्या चालल्या, रापणी ओढल्या गेल्या, ते पाणी एका अधिसूचनेनं अभयारण्य झालं आणि त्या घरांना विश्वासात घेतलं गेलं नाही. आपली मासेमारी बंद होणार, ही भीती बसली. विरोध सुरू झाला आणि वर्षानुवर्षं टिकला.

रापण म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकासाठी सांगायला हवं. किनाऱ्यापासून होडीनं अर्धवर्तुळात लांबलचक जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. एका घराचं हे काम नव्हे. रापण संघात अनेक घरं असतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेले असतात. म्हणजे समुद्राचा सामाईक कारभार कसा करायचा, याचं शिक्षण या समाजाकडे आधीपासूनच होतं. अभयारण्य आखणाऱ्यांनी ते विचारात घेतलं नाही. संरक्षण जितकं लोकांपासून दूर ठेवलं, तितकं ते कागदावर राहिलं. आपल्या टिपेश्वर अभयारण्याच्या परिसरात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पुढे २००१ मध्ये प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत, जागा मिळाली. कायदा भक्कम झाला. पण वनखात्याचा पहारेकरी समुद्राच्या तळाशी गस्त घालू शकत नाही. तिथे रोज जाणारा माणूस एकच: मच्छीमार.

पाण्याखालची शेतीशाळा

मच्छीमाराशिवाय समुद्र राखता येत नाही, हे भान यायला अभयारण्यानंतर पंचवीस वर्षं लागली. जानेवारी २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात कांदळवन कक्ष स्थापन झाला. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, जागतिक पर्यावरण निधी आणि केंद्र सरकार यांच्या सहकार्यानं सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर एक मोठा प्रकल्प उभा राहिला. त्याचा पाया असा होता, की मासेमारी आणि पर्यटन यांच्याच आत संवर्धन बसवायचं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मदतीनं ट्रॉलच्या जाळ्याच्या टोकाला चौकोनी आसाचं जाळं लावून पाहिलं गेलं. लहान पिलं त्यातून निसटतात आणि पुढच्या हंगामाचा मासा वाचतो. खेकडापालन, कालवंपालन झालं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटानं कांदळवन सफर सुरू केली. पर्यटकांना होडीतून फिरवत खारफुटीची ओळख करून देण्याचं काम तिथल्या बायकांनी हाती घेतलं.

प्रवाळांचं रोपण हा याच प्रकल्पाचा एक भाग. स्थानिक तरुणांना डायव्हिंग, प्रवाळांची ओळख आणि देखरेख शिकवली गेली. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था उभी राहिली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी तिथे स्थानिक मुलांना प्रशिक्षित डायव्हर करण्यासाठी बरंच काम केलं आहे. त्यानंतर हरित हवामान निधीच्या मदतीनं महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या तीन राज्यांत जो किनारी प्रकल्प आला, त्यातही प्रवाळांच्या पुनर्स्थापनेला जागा आहे.

या कामाची रीत अशी. निरोगी वसाहत तोडायची नाही. लाटांनी, नांगरानं, जाळ्यानं तुटून वाळूत पडलेले आणि अजून जिवंत असलेले तुकडे शोधायचे. वाळूत लोळत राहिले तर ते गाळाखाली दबून मरतात. ते सिमेंटच्या फरशीवर किंवा चौकटीवर घट्ट बसवायचे. तुकडा हलता कामा नये, कारण हलणारा तुकडा मूळ धरत नाही. उसाच्या कांडीतून जसा नवा ऊस उभा राहतो, तशी एका तुकड्यातून पूर्ण वसाहत वाढू शकते. तो तुकडा आईच्याच रक्ताचा असतो, पण त्यासाठी आधार पक्का लागतो आणि प्रकाश पोचावा लागतो.

खरं काम सुरू होतं ते लावणीनंतर. चौकटीवर शेवाळ चढतं आणि प्रवाळाला गुदमरवतं. ते हातानं, ब्रशनं काढावं लागतं. प्रवाळ खाणाऱ्या गोगलगायी वेचाव्या लागतात. ठरावीक काळानं प्रत्येक तुकड्याचं माप घ्यायचं, फोटो काढायचा, पाण्याचं तापमान नोंदवायचं, मेलेले आणि पांढरे पडलेले वेगळे मोजायचे. जूनपासून समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्याला लागतात आणि पाण्याखाली उतरणं थांबतं. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा खाली गेल्यावर काय उरलं आहे ते कळतं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळानं याच किनाऱ्याला झोडपलं. अशी वादळं चौकटींसकट सगळं उलटंपालटं करू शकतात.

हे प्रशिक्षण वर्गात होत नाही, हे त्याचं बळ आहे. कपाशीच्या शेतीशाळेत शेतकरी बांधावर उभा राहून मित्रकीड आणि शत्रुकीड ओळखायला शिकतो, तसंच इथे पाण्यात उतरून शिकावं लागतं. आणि शिकणारा कोऱ्या पाटीनं येत नाही. कुठल्या खडपाशी प्रवाह जोराचा असतो, कुठे गाळ बसतो, कुठल्या वाऱ्याला पाणी स्वच्छ होतं, हे त्याला शास्त्रज्ञापेक्षा अधिक ठाऊक असतं. चौकट कुठे ठेवायची, या एका निर्णयावर निम्मं यश ठरतं. तो निर्णय त्याच्या ज्ञानाशिवाय घेता येत नाही.

जगात काय जमलं

मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाचा अनुभव इथे उपयोगी आहे. २००१ मध्ये आयरिस चक्रीवादळानं तिथल्या लाफिंग बर्ड के राष्ट्रीय उद्यानातले प्रवाळ उद्ध्वस्त केले. २००६ पासून लिसा कार्न यांनी प्लासेन्सिया गावातले मच्छीमार आणि पर्यटक मार्गदर्शक यांना सोबत घेऊन लावणी सुरू केली. पुढे 'फ्रॅगमेंट्स ऑफ होप' ही संस्था उभी राहिली. तिथे स्थानिकांना प्रशिक्षण मिळतं आणि कामाचा मोबदलाही मिळतो. त्यामुळे हे कौशल्य गावात टिकलं आणि काम दशकापेक्षा जास्त चाललं.

इंडोनेशियात दक्षिण सुलावेसीच्या किनाऱ्याजवळ सुरुंग लावून केलेल्या मासेमारीनं प्रवाळभिंतींचा चुरा झाला होता. तिथे लोखंडी षट्कोनी चौकटींवर तुकडे बांधले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं, की चार वर्षांत या जागांची वाढ निरोगी भिंतींच्या बरोबरीला आली. त्याच अभ्यासानं हेही नोंदवलं, की लावलेले प्रवाळ बहुतेक फांद्यांच्या जातीचे होते आणि उष्णतेला अशा जाती लवकर बळी पडतात.

आपल्या देशात सर्वांत जुना धडा मन्नारच्या आखाताचा आहे. तिथे एकेकाळी जिवंत प्रवाळ खणून चुन्यासाठी विकले जात. राजूरच्या भट्टीत कोट्यवधी वर्षांचा दगड जळतो, तिथे जिवंत समुद्र जळत होता. बेटं झिजली, दोन पाण्याखाली गेली. तुतिकोरीनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेनं २००२ पासून तिथे पुनर्स्थापनेचं काम धरून ठेवलं आहे.

या अनुभवांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. यश मिळालं तिथे आधी मारणारं कारण थांबलं, मग लावणी झाली, आणि लावणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं काम मिळालं. तीन वर्षांचा प्रकल्प संपला, अहवाल छापला आणि डायव्हर पुन्हा पर्यटकांच्या मागे लागला, तर प्रवाळ टिकत नाहीत.

मालवणची गाठ कुठे अडते

मालवणमध्ये मारणारं कारण अजून थांबलेलं नाही. उष्णतेचा प्रश्न तर मालवणच्या हातातला नाहीच. हवामानविषयक आंतरसरकारी समितीनं २०१८ च्या अहवालात सांगितलं, की पृथ्वीचं सरासरी तापमान दीड अंशानं वाढलं तर उष्ण पाण्यातले ७० ते ९० टक्के प्रवाळ नष्ट होतील, आणि दोन अंशांनी वाढलं तर जवळजवळ सगळेच. लावणीनं हे संकट टळणार नाही. ती वेळ विकत घेते. त्या वेळेचा उपयोग करायचा की नाही, हा प्रश्न कारखाने, वीज आणि वाहनं चालवणाऱ्या सगळ्यांना आहे.

पण दुसरं कारण मालवणच्याच पाण्यात आहे. स्कूबा डायव्हिंगनं इथल्या घरांत पैसा आणला, ही चांगली गोष्ट. मात्र पोहता न येणाऱ्या पर्यटकाला थेट प्रवाळांवर उतरवलं जातं, तो घाबरून पाय आपटतो, आधारासाठी खडप धरतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मालवण अभयारण्यातल्या या नुकसानीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि जबाबदारी कोणाचीच नसल्यावर बोट ठेवलं. इथल्या प्रवाळांचं विरंजन आणि रोग यांच्याही नोंदी त्या संस्थेनं केल्या आहेत.

याच जागी प्रशिक्षणाची मर्यादा उघडी पडते. प्रशिक्षित तरुणाला कळतं, की या जागेवर एका दिवसात किती माणसं उतरवावीत. पण तो आकडा ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. नांगर टाकणाऱ्या होडीला तो अडवू शकत नाही. कायमचे तरंगते बोये लावून होड्या त्यांनाच बांधाव्यात, असा नियम तो करू शकत नाही. मोठ्या जाळ्यानं माशांचा अख्खा थवा वेढून ओढणाऱ्या पर्ससीन नौकांचा प्रश्न घ्या. पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं लढा दिला, डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यानं पर्ससीनवर बंधनं घातली. अंमलबजावणीसाठी मात्र त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. समुद्र राखण्याची इच्छा तिथे आहे, ज्ञानही आहे. कारभार नाही.

विदर्भानं दाखवलेली वाट

याचं उत्तर विदर्भाकडे आहे, म्हणून आपण हा विषय परका मानू नये. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी कितीतरी वर्षं तिथे अभ्यासगट चालले, ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेत राहिली, देवाजी तोफा आणि गावानं जंगल राखलं. पण बांबू विकण्याचा अधिकार हाती आल्यावर राखण आणि पोट यांची गाठ बसली.

भंडारा-गोंदियाच्या तलावांचं उदाहरण तर प्रवाळांच्या फार जवळचं. तिथे मनीष राजनकर यांच्या 'फीड' या संस्थेबरोबर ढीवर समाजातल्या मच्छीमारांनी तलावांत देशी पाणवनस्पती लावल्या, माजलेलं बेशरम हे तण उपटलं. कुठल्या वनस्पतीत कुठला मासा अंडी घालतो, हे ज्ञान ढीवरांकडे होतं. पतिराम तुमसरे यांच्यासारखे जाणकार त्यात पुढे होते. वनस्पती परतल्या तसे देशी मासे परतले, पक्षी परतले. हे काम टिकलं याचं एक मोठं कारण असं, की तलावातल्या मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. लावणी करणाऱ्यालाच वाढलेली मासळी मिळते.

कोकणातही अशी सुरुवात झाली आहे. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना कासवांची घरटी राखायला शिकवलं. पुढे कासव महोत्सव आला, घरोघरी पाहुणे राहू लागले, किनाऱ्यावर कासवमित्र नेमले गेले. जाळ्यात अडकलेलं संरक्षित जनावर जाळं कापून सोडून दिल्यास मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजनाही राज्यानं आणली. राखणाऱ्याचं नुकसान समाजानं भरून द्यायचं, हे तत्त्व त्यात मान्य झालं आहे.

तेच तत्त्व प्रवाळांपर्यंत न्यायला हवं. कासवमित्राला मानधन मिळतं, तसं प्रवाळ राखणाऱ्या डायव्हरला बारमाही वेतन मिळालं पाहिजे, पावसाळ्यातही. डायव्हिंगसाठी पर्यटक जे शुल्क देतो, त्यातला ठरलेला वाटा थेट देखभालीला जावा. आणि मालवणच्या सागरी अभयारण्यात किती होड्या, किती माणसं, कुठे आणि कधी, हे ठरवणाऱ्या समितीत रापण संघ, मच्छीमार सोसायट्या, बचत गट आणि प्रशिक्षित डायव्हर यांचं मत निर्णायक असावं. शास्त्रज्ञ सल्ला देतील, वनखातं कायदा सांभाळेल, पण घराचा दरवाजा कोणाला उघडायचा हे घरातल्या माणसानं ठरवावं. १९८७ मध्ये हे झालं असतं, तर अभयारण्याला विरोध करणारा माणूसच त्याचा पहिला पहारेकरी झाला असता.

आर्णीच्या वाचकाला यात दोन कामं आहेत. पहिलं घरचं: अरुणावतीच्या डोहांत कोणता मासा होता, कोणती वनस्पती होती, हे सांगू शकणारे भोई आणि शेतकरी अजून आपल्यात आहेत. शाळा-महाविद्यालयांनी त्यांना पाहुणे म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून बोलवावं आणि नदीचा आराखडा त्यांच्यासोबत बसून करावा. दुसरं प्रवासाचं: दिवाळीच्या सुट्टीत विदर्भातून शेकडो कुटुंबं तारकर्ली-मालवणला जातात. डायव्हिंग करणार असाल तर आधी मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र विचारा. स्वस्त मिळतं म्हणून गर्दीच्या होडीत चढू नका. पोहता येत नसेल तर होडीतूनच पाहा. प्रवाळांवर उभं राहू नका, हात लावू नका, माशांना बिस्किटं टाकू नका, तुटका तुकडाही खिशात घालू नका. तो गुन्हा आहे. आणि ज्या तरुणानं तुम्हाला पाण्याखाली नेलं, त्यानं या जागेसाठी काय शिकून घेतलं आहे ते त्याला विचारा आणि त्या ज्ञानाचे पैसे घासाघीस न करता द्या.